लिव्ह गोल्फचं कार्ड मिळतं कसं?

गोल्फ नुकतंच बघायला लागलेली मंडळी एक प्रश्न हमखास विचारतात: ‘लिव्हमध्ये खेळायचं तर फॉर्म कुठे भरायचा?’ प्रश्न भाबडा वाटतो, पण फॉर्म खरंच भरता येतो. फक्त तो लिव्हच्या दारात मिळत नाही. तो मिळतो थायलंडमधल्या हुआ हिनला, एशियन टूर या आशियातल्या व्यावसायिक स्पर्धामालिकेच्या क्यू-स्कूलचा, म्हणजे पात्रता स्पर्धेचा. तिथून लिव्हपर्यंत बरंच चालावं लागतं. ही वाट आणि तिचे आडमार्ग इथे क्रमाने सांगतो. माहिती २०२६ च्या हंगामाच्या सुरुवातीपर्यंतची आहे. या लीगचे नियम दरवर्षी थोडे हलतात, त्यामुळे आकड्यांपेक्षा रचना डोक्यात ठेवा.

आधी एवढं समजून घ्या

लिव्ह ही गोल्फमधली बंडखोर लीग आहे, अमेरिकेतल्या प्रस्थापित पीजीए टूरविरुद्ध उभी राहिलेली. आपल्याकडे २००७ साली इंडियन क्रिकेट लीग निघाली, बीसीसीआयने तिच्यात गेलेल्यांना बाहेर काढलं, ते आठवा. गोल्फमध्ये साधारण तेच घडलं. फरक इतकाच की इथे पैसा सौदी अरेबियाच्या सरकारी गुंतवणूक निधीचा होता आणि तो संपता संपत नव्हता. (जाता जाता: त्या क्रिकेट लीगच्या मंडळाचे प्रमुख कपिल देव होते. आज तेच कपिल देव भारताच्या अधिकृत व्यावसायिक गोल्फ टूरचे, म्हणजे पीजीटीआयचे, अध्यक्ष आहेत आणि २०२५ मध्ये त्यांच्याच टूरसमोर इंडियन गोल्फ प्रीमियर लीग उभी राहिली. नियतीला विनोदाचं अंग आहे.)

पहिली स्पर्धा जून २०२२ मध्ये लंडनजवळच्या सेंच्युरियन क्लबवर झाली. ४८ खेळाडू, चौघांचा एक असे १२ संघ, तीन दिवस, ५४ होल. रोमन आकड्यांत एल-आय-व्ही म्हणजे ५४, म्हणून हे नाव. सगळे एकाच वेळी वेगवेगळ्या होलवरून सुरुवात करतात आणि कट नसतो, म्हणजे दोन दिवस वाईट खेळलात म्हणून कोणी घरी पाठवत नाही. शेवटच्या माणसालाही पैसे मिळतात. त्या पहिल्या स्पर्धेत विजेत्या चार्ल श्वार्टझेलला ४० लाख डॉलर मिळाले आणि अठ्ठेचाळिसाव्याला १ लाख २० हजार. पुढे संघ १३ झाले. २०२५ मध्ये मैदानात ५४ जण होते, २०२६ मध्ये ५७: तेरा चोक बावन्न आणि पाच वाइल्ड कार्ड, म्हणजे संघाशिवाय एकटे खेळणारे. २०२६ पासून स्पर्धाही चार दिवसांच्या, ७२ होलच्या झाल्या. नाव मात्र ५४ च राहिलं.

म्हणजे जगातल्या सगळ्या गोल्फपटूंसाठी जागा सत्तावन्न, आणि त्यातल्या बहुतेक आधीच भरलेल्या.

पायरी पहिली: जागा कराराची की कार्डाची, ते ओळखा

नवखा वाचक इथेच गोंधळतो. पीजीए टूरवर कार्ड कमवावं लागतं: इतके गुण, इतका क्रमांक, की जागा तुमची. लिव्हमध्ये आधी आला करार, पात्रता मागाहून आली. बहुतेक खेळाडू कुठल्याही चाचणीतून आलेले नाहीत. त्यांना फोन आला, वकील बसले, सही झाली.

आपला अनिर्बान लाहिरीच घ्या. जन्म पुण्याचा, वडील लष्करात डॉक्टर, लहानपण छावण्यांमधल्या मैदानांवर गेलं. २०१५ मध्ये एशियन टूरच्या कमाईच्या यादीत पहिला. मार्च २०२२ मध्ये प्लेयर्स चॅम्पियनशिपमध्ये तो कॅमरून स्मिथच्या मागे एका फटक्याने दुसरा आला. ऑगस्टच्या अखेरीस दोघांनीही लिव्हशी करार केला आणि लगेच बॉस्टनच्या स्पर्धेत लाहिरी डस्टिन जॉन्सनसोबत प्लेऑफपर्यंत पोचला. तो ब्रायसन डिशॅम्बोच्या क्रशर्स संघात गेला. यात त्याने ‘पात्रता’ कुठे मिळवली? कुठेच नाही. त्याची पात्रता म्हणजे आधीची पंधरा वर्षं.

करार कोणाला मिळतो याचं लिखित गणित नाही. मोठी विजेतेपदं चालतात, ओळखीचं नाव चालतं, आणि अमेरिकी कॉलेज गोल्फमधली चमकदार पोरंही चालतात. यूजेनियो चकारा ओक्लाहोमा स्टेटमधून थेट आला, केलब सराट टेनेसीमधून. संघाच्या कॅप्टनचा शब्द इथे वजनदार असतो, कारण संघ ही फ्रँचायझी आहे आणि चौथा माणूस कोण घ्यायचा हा धंद्याचा निर्णय असतो. एखादा देश किंवा बाजारपेठ हवी म्हणूनही खेळाडू घेतले जातात. ते उघडपणे कोणी म्हणत नाही, एवढंच.

या दाराला बाहेरून कडी नाही. त्यामुळे नवख्याने त्यात वेळ घालवू नये. बाकीची दारं ढकलता येतात.

पायरी दुसरी: इंटरनॅशनल सिरीजची शिडी

मला विचाराल तर सगळ्यात सरळ वाट हीच. २०२२ च्या सुरुवातीला लिव्हने एशियन टूरमध्ये दहा वर्षांसाठी ३० कोटी डॉलर ओतायचं जाहीर केलं आणि त्यातून इंटरनॅशनल सिरीज उभी राहिली: एशियन टूरच्याच कॅलेंडरमधल्या, पण मोठ्या बक्षिसाच्या काही निवडक स्पर्धा. त्यांची वेगळी गुणतालिका असते. वर्षाअखेरीस तिच्या माथ्यावर असलेल्याला लिव्हची जागा मिळते. सुरुवातीला एकच जागा होती, २०२५ च्या तालिकेतून दोन मिळाल्या: झिम्बाब्वेचा स्कॉट व्हिन्सेंट आणि जपानचा योसुके आसाजी.

व्हिन्सेंटचं नाव मुद्दाम घेतलं. २०२२ मध्ये तो याच तालिकेत पहिला येऊन लिव्हमध्ये गेला, मग बाहेर पडला आणि २०२५ मध्ये पुन्हा पहिला येऊन परत शिरला. एकाच शिडीवर दोनदा चढलेला माणूस. त्याच्याकडे बघून कळतं की इथे नाव नाही, खेळ मोजला जातो.

त्याहून बोलकी गोष्ट अँडी ओगलट्रीची. २०१९ चा यूएस अमॅच्युअर विजेता. सेंच्युरियनवरच्या त्या पहिल्या लिव्ह स्पर्धेत तो खेळला आणि ४८ जणांत अठ्ठेचाळिसावा आला. पीजीए टूरने निलंबित केलेल्या पहिल्या १७ जणांत त्याचंही नाव होतं. म्हणजे इकडे जागा नाही, तिकडे दार बंद. तो आशियात आला, २०२२ मध्ये इजिप्तची स्पर्धा जिंकला, २०२३ मध्ये कतार आणि इंग्लंडची, तालिकेत पहिला आला आणि २०२४ ला लिव्हमध्ये परतला, या वेळी कमावून.

आता आपल्या इकडच्या एखाद्या पोराने किंवा त्याच्या पालकांनी ही वाट धरायची ठरवली तर सुरुवात कुठून?

मैदानापासून. क्लबचं सदस्यत्व हा महाराष्ट्रातला मोठा अडसर, पण खारघरचं सिडकोचं मैदान पैसे भरून कोणालाही खेळता येतं. खेळ सुधारला की अधिकृत हँडिकॅप काढा. हँडिकॅप म्हणजे तुम्ही पारपेक्षा, म्हणजे मैदानाला ठरवून दिलेल्या फटक्यांपेक्षा, साधारण किती फटके जास्त घेता याचा मान्य हिशेब. व्यावसायिक व्हायचं तर तो शून्याच्या आसपास हवा. क्लबात ‘मी सिंगल हँडिकॅप आहे’ म्हणून मिरवणाऱ्याला व्यावसायिकांच्या स्पर्धेत कट दिसतसुद्धा नाही, हे आधीच सांगून ठेवतो. मग इंडियन गोल्फ युनियनच्या हौशी स्पर्धा. इथे घाई करू नका: एकदा व्यावसायिक झालात की हौशी दर्जा परत मिळवायला खेटे घालावे लागतात, आणि पुढे येणाऱ्या प्रमोशन्स स्पर्धेत वरच्या क्रमांकाच्या हौशी खेळाडूंसाठी वेगळा रस्ता असतो.

त्यानंतर पीजीटीआयची पात्रता फेरी आणि देशांतर्गत दोन-चार हंगाम. पुण्याचा उदयन माने याच देशी सर्किटवर जिंकत जिंकत टोकियो ऑलिंपिकपर्यंत गेला होता. येरवड्याचं पूना क्लबचं मैदान या टूरच्या खेळाडूंना चांगलं परिचयाचं आहे.

मग हुआ हिन. एशियन टूरच्या क्यू-स्कूलला आधी पहिला टप्पा पार करावा लागतो, मग अंतिम टप्पा पाच फेऱ्यांचा, ९० होलचा. पहिल्या ३५ मध्ये किंवा पस्तिसाव्याशी बरोबरीत आलात तर कार्ड. पण हे कार्ड मिळालं म्हणजे इंटरनॅशनल सिरीजच्या प्रत्येक स्पर्धेत जागा मिळाली असं नाही. टूरच्या सदस्यांच्या श्रेण्या असतात आणि क्यू-स्कूलवाले त्यात खालच्या बाजूला असतात. साध्या स्पर्धांमध्ये कमाई करून वर सरकावं लागतं. यजमान देशाच्या खेळाडूंनाही काही जागा मिळतात, म्हणून भारतातली स्पर्धा आपल्या मुलांना महत्त्वाची. २०२५ च्या जानेवारीअखेर गुरुग्रामला डीएलएफच्या मैदानावर ती पहिल्यांदा झाली. मैदान असं की चेंडू जरा वाकडा गेला तर शोधायलाही जाऊ नये. ऑली श्नायडरयान्स जिंकला, डिशॅम्बो दुसरा. वीस लाख डॉलरच्या बक्षिसाच्या या स्पर्धेत लिव्हची बडी मंडळीही उतरतात, ही एक मेख आहे.

मेख अशी की लिव्हचे करारबद्ध खेळाडूही तालिकेत गुण मिळवतात. २०२४ मध्ये पहिला आला होआकिन नीमन, ज्याच्याकडे लिव्हची जागा होतीच. म्हणून तालिका वाचताना कोण कितवा एवढंच पाहू नका. ज्याचा करार आधीच आहे त्याचं नाव पेन्सिलीने खोडा, मग खरी शर्यत दिसेल. शिवाय गुण बक्षिसाच्या प्रमाणात असल्यामुळे वर्षाअखेरची सौदी अरेबियातली मोठी स्पर्धा सगळा हिशेब उलटा करू शकते. ऑक्टोबरात आघाडीवर असलेल्याचं अभिनंदन करू नका.

पायरी तिसरी: प्रमोशन्स, एका आठवड्याचा जुगार

शिडी चढायला वर्ष लागतं. प्रमोशन्सला चार दिवस पुरतात. ही लिव्हची स्वतःची पात्रता स्पर्धा. पहिली डिसेंबर २०२३ मध्ये अबू धाबीला, दुसरी डिसेंबर २०२४ मध्ये रियाधला, तिसरी जानेवारी २०२६ मध्ये फ्लोरिडातल्या ब्लॅक डायमंड रँचवर. प्रवेश सगळ्यांना नाही. वेगवेगळ्या टूरवरचे अलीकडचे विजेते, जागतिक क्रमवारीत ठरावीक क्रमांकाच्या आतले, इंटरनॅशनल सिरीजच्या तालिकेत वरचे, आणि वरच्या क्रमांकाचे हौशी, अशा अटींवर निमंत्रणं जातात.

रचना मोठी क्रूर आहे, आणि बघायला म्हणून मजेदार. पहिल्या फेरीतून पहिले वीस आणि बरोबरीवाले पुढे जातात. दुसऱ्या फेरीत त्यांना ते खेळाडू भेटतात ज्यांना पहिल्या फेरीतून सूट होती. पुन्हा वीस पुढे. शेवटी ३६ होल. आणि प्रत्येक टप्प्यानंतर पाटी कोरी. पहिल्या दिवशी दहा फटके पुढे असा की कसेबसे विसावे या, पुढच्या टप्प्यावर दोघेही शून्यावर. म्हणून पहिल्या दिवशी आघाडीवर असलेल्याचं नाव वाचून हुरळून जायचं नाही. तिथे फक्त रेषेच्या वर राहायचं असतं.

पहिल्या वर्षी जागा तीन होत्या, दुसऱ्या वर्षी एकच. २०२३ ला फिनलंडचा काल्ले सामूया जिंकला आणि २ लाख डॉलर व लिव्हचं कार्ड घेऊन गेला. एक हंगाम खेळला आणि २०२४ च्या शेवटी बाहेर. २०२४ ला तैवानचा ली चिएह-पो. २०२६ ला कॅनडाचा रिचर्ड ली पहिला, स्वीडनचा ब्यॉर्न हेलग्रेन दुसरा, आणि तिसरी जागा अँथनी किमला.

किमची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. अमेरिका विरुद्ध युरोप अशा २००८ च्या रायडर कपचा हिरो, मग दुखापती, मग बारा वर्षं गायब. २०२४ मध्ये लिव्हने वाइल्ड कार्ड देऊन परत आणला. दोन हंगाम तो तळाशीच राहिला आणि २०२५ च्या शेवटी रेषेखाली जाऊन बाहेर पडला. म्हणजे पहिल्यांदा आला निमंत्रणाने आणि टिकला नाही. मग प्रमोशन्समध्ये तिसरा येऊन जागा कमावली आणि फेब्रुवारी २०२६ मध्ये अ‍ॅडलेडची स्पर्धा जिंकला, जॉन रॅम आणि डिशॅम्बो या लिव्हच्या बड्या खेळाडूंना मागे टाकून. २०१० नंतरचं त्याचं पहिलं विजेतेपद.

पायरी चौथी: राखीव म्हणून थांबणं

हे छोटं दार आहे, पण खरं आहे. प्रत्येक स्पर्धेला काही राखीव खेळाडू हजर असतात. कोणाची पाठ धरली, कोणाला ताप आला, की त्याच्या संघात राखीव खेळाडू. जॉन कॅटलिन एशियन टूरवर जोरात होता. मार्च २०२४ मध्ये मकाऊला त्याने एका फेरीत ५९ फटके घेतले आणि स्पर्धाही जिंकली. त्याच वर्षी चार्ल्स हॉवेल जखमी झाल्यावर तो क्रशर्समध्ये खेळला. यातून जागा मिळतेच असं नाही, पण कॅप्टन तुम्हाला आठवडाभर जवळून बघतो. बॅग भरून ठेवायची आणि व्हिसा वैध ठेवायचा. भारतीय पासपोर्टवाल्यांनी ‘व्हिसा’ हा शब्द दोनदा वाचावा.

पायरी पाचवी: शिरल्यावर टिकणं

लिव्हची वैयक्तिक गुणतालिका तीन पट्ट्यांत विभागलेली असते. २०२५ चे आकडे असे: पहिले २४ लॉक झोन, म्हणजे पुढच्या हंगामाची जागा पक्की. २५ ते ४८ ओपन झोन: करार शिल्लक असेल तर राहाल, संपला असेल तर संघांशी बोलणी करा, कोणी घेतलं तर घेतलं. ४९ पासून खाली ड्रॉप झोन, तिथून बाहेर. पट्ट्यांच्या सीमा हंगामागणिक बदलतात, तेव्हा आकडे पाठ करू नका.

ही रेषा खरंच सगळ्यांना सारखी आहे का? यावर क्लबात वाद होतात आणि ते योग्यच आहेत. २०२४ मध्ये दोनदा मास्टर्स जिंकलेला बब्बा वॉटसन त्रेपन्नावा आला. तो रेंजगोट्सचा कॅप्टन होता, आणि तो राहिला. २०२५ मध्ये २०१६ चा ब्रिटिश ओपन विजेता हेन्रिक स्टेन्सन एकोणपन्नासावा आला. तोही त्याच्या संघाचा सह-कॅप्टन, पण त्याला जावं लागलं. २०२३ मध्ये चेस केप्का, जेम्स पायट असे चौघे गेले तेव्हा कोणी फारसं हळहळलं नाही, कारण नावं छोटी होती. माझं मत विचाराल तर स्टेन्सन गेला त्या दिवशी ही रेषा पहिल्यांदा रेषेसारखी वाटली.

सही करण्याआधी

कार्ड हातात आलं की काय सुटतं त्याचाही हिशेब करा. पीजीए टूर लिव्हमध्ये खेळणाऱ्यांना निलंबित करते, आणि शेवटच्या लिव्ह स्पर्धेपासून वर्ष उलटेपर्यंत तिच्या स्पर्धा बंद. २०२३ ला तर टूरने बजावलं होतं की नुसती प्रमोशन्स खेळलात तरी वर्षभराची बंदी. म्हणजे जागा मिळो न मिळो, तिकीट फाटलं. जानेवारी २०२६ मध्ये ब्रूक्स केप्काला परत घेतलं गेलं हे खरं, पण ती सवलत अलीकडे मेजर (वर्षातल्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी एखादी) किंवा प्लेयर्स जिंकलेल्या मोजक्या चौघांपुरती होती. नवख्याने तिच्या भरवशावर राहू नये. युरोपच्या डीपी वर्ल्ड टूरचा दंड वेगळा. एप्रिल २०२३ मध्ये लवादाने तो वैध ठरवला.

दुसरी गोष्ट क्रमवारीची. लिव्हच्या स्पर्धांना जागतिक क्रमवारीचे गुण सुरुवातीची वर्षं अजिबात मिळत नव्हते. अर्ज ऑक्टोबर २०२३ मध्ये फेटाळला गेला. फेब्रुवारी २०२६ मध्ये ते मिळायला लागले, पण पहिल्या दहा जणांना आणि दहाव्याशी बरोबरीत असलेल्यांनाच. तिसावा येणारा लिव्ह खेळाडू चांगले पैसे कमावेल, पण क्रमवारीत घसरत राहील, आणि मास्टर्ससारख्या स्पर्धांची निमंत्रणं बहुतांशी क्रमवारी बघूनच येतात. एशियन टूरवर राहणाऱ्याला निदान तो प्रश्न नाही. म्हणून काही जण इंटरनॅशनल सिरीजमध्येच समाधानी असतात, आणि मला ते शहाणपणाचं वाटतं.

एक हंगाम कसा बघाल

क्यू-स्कूलच्या पहिल्या पस्तिसांत भारतीय नावं शोधा. वर्षभर इंटरनॅशनल सिरीजची तालिका महिन्यातून एकदा उघडा आणि करारवाल्यांची नावं खोडत चला. लिव्हची स्पर्धा लावली तर विजेत्याकडे सगळे बघतातच, तुम्ही रेषेच्या आसपासचे पाच-सहा जण लक्षात ठेवा. हंगामाच्या शेवटच्या वैयक्तिक स्पर्धेत, रविवारी, टीव्हीवाले आघाडीचा गट दाखवत असतात, तेव्हा मोबाइलवर तालिका उघडून ड्रॉप झोनच्या रेषेच्या लगेच वरचा आणि लगेच खालचा कुठल्या होलवर आहेत ते बघा. सगळे वेगवेगळ्या होलवरून सुटलेले असल्यामुळे कोणाचा शेवटचा होल सोपा पार तीनचा असतो आणि कोणाचा पाण्यावरून जाणारा, आणि हे त्याला सकाळपासून माहीत असतं.